केरसुणी बंद, ओलं फडकं सुरू: लेकीच्या रक्तातल्या शिशाबरोबर आमचे नऊ महिने

मागच्या आठवड्यात माझ्या लेकीचा, मनूचा, रक्तातल्या शिशाचा चौथा रिपोर्ट आला. ८.७. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच आकडा २१.८ होता. डॉक्टरबाई ‘बरी झाली’ म्हणाल्या नाहीत, ‘चाललंय बरोबर’ म्हणाल्या. तेवढ्यावर मी त्या दिवशी येताना अर्धा किलो पेढे घेतले.

ऑक्टोबरात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी मोबाइलवर शोधत बसायचे. सापडायची ती अमेरिकेतली घरं, तिथले कायदे, तिथले फोन नंबर. गिरगावात पागडीच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, नवरा आणि दोन मुलं घेऊन राहणाऱ्या बाईनं सकाळी उठून नेमकं कुठं जायचं, हे कुणी लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. सहकारी बँकेत काउंटरला बसते, त्यामुळे तारखा आणि पावत्या तेवढ्या नीट जपल्यात.

आमची बिल्डिंग १९४० च्या आधीची, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), ‘ए’ वर्गातली. लाकडी जिने, लाकडी गॅलरी आणि सागवानाच्या उंच खिडक्या. त्या खिडक्यांवर किती हात रंगाचे बसलेत, ते कुणालाच ठाऊक नाही. वरचा क्रीम, त्याखाली राखाडी, त्याखाली हिरवा, मग पुन्हा एक पिवळट थर. नखानं टवका काढला की कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

२०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला होते. त्याआधी खिडक्या रंगवून घ्यायचं ठरलं. सासरे, म्हणजे मुलांचे आबा, म्हणाले, “घासायला मजूर कशाला? मी मोकळाच आहे.” १५ ऑगस्टच्या सुट्टीला त्यांनी सुरुवात केली. तीन दिवस पत्र्याची पट्टी आणि पॉलिशपेपर घेऊन ते खिडक्या घासत होते. उकडतं म्हणून पंखा चालू. खाली हिरवट पिठाचा थर साचायचा, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी केरसुणीनं तो गोळा करायच्या. मनू तेव्हा वीस महिन्यांची. आबांच्या पायात पायात. दोन्ही हात हिरवे करून ती खिडकीच्या उंबरठ्याला धरून उभी आहे, असा फोटो मी काढला आणि ‘आबांची असिस्टंट’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. सतरा जणांनी हसरे चेहरे पाठवले. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. पुढे डॉक्टरबाईंना रंग कुठला म्हणून दाखवायला तोच कामी आला.

सप्टेंबरच्या शेवटाला मनू किरकिर करायला लागली. चार-चार दिवस शी नाही, पोट धरून रडायची, जेवण पुढ्यात आलं की तोंड फिरवायची. आणि चेहरा पांढरा पडत चालला होता. दात येतायत, जंत झालेत, दृष्ट लागली, असे सगळ्यांचे अंदाज झाले. २८ सप्टेंबरला रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. लोहाचे थेंब सुरू झाले. तीन आठवड्यांनी फरक म्हणावा तसा नाही.

२१ ऑक्टोबरला, सोमवारी, पुन्हा दवाखान्यात गेलो. आमच्या डॉक्टरबाई जुन्या, साठीच्या पुढच्या, बोलायला तुसड्या. त्यांनी पोट तपासता तपासता विचारलं, “माती-बिती खाते का?”

मी म्हटलं, “माती नाही, पण खिडकीचा कठडा चावते. रंगाचे पोपडे तोंडातून काढलेत दोनदा.”

त्या थांबल्या. “बिल्डिंग किती जुनी? एवढ्यात रंगकाम काढलं होतं?”

चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: ब्लड लेड लेव्हल, म्हणजे रक्तात शिसं किती ते. मला वाटलं, एक तपासणी आणखी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या कलेक्शन सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, “मॅडम, लीड म्हणजे ईसीजीचं ना? ते इथे होत नाही.” तिनं तीन ठिकाणी फोन केले, मग यादीत सापडलं. १,७५० रुपये, रिपोर्ट चार दिवसांनी, नमुना मुख्य लॅबला जाणार. उपाशीपोटी न्यायची गरज नसते. २४ तारखेला फोन: “नमुना गोठला, पुन्हा द्यावा लागेल.” एवढ्याशा हातातून शीर शोधून रक्त काढताना मुलाला कसं धरावं लागतं, हे ज्यांनी धरलंय त्यांना सांगायला नको. दुसऱ्यांदा नवऱ्यानं धरलं, मी बाहेर जिन्यात उभी राहिले.

यात एक गोष्ट मी नंतर शिकले. धातूंच्या तपासणीसाठी गडद निळ्या झाकणाची वेगळी नळी येते, जिच्यात बाहेरचा धातू मिसळत नाही. काही लॅब जांभळ्या झाकणाच्या नळीतही नमुना घेतात. आपल्या लॅबला कुठली चालते, ते जायच्या आधी फोनवर विचारून घ्यावं, आणि ती नळी त्या दिवशी सेंटरवर शिल्लक आहे का, तेही. बोटाला टोचून केलेल्या तपासणीत आकडा जास्त आला तर घाबरून न जाता शिरेतल्या रक्तावर तो पक्का करून घ्यायचा असतो. बोटावर धूळ असली तरी आकडा चढतो.

२९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दुपारी, मी काउंटरला असताना मोबाइलवर रिपोर्ट आला. २१.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. शेजारच्या रकान्यात ‘१० पेक्षा कमी’ छापलेलं. मी मनात हिशेब केला, दुप्पट. तो हिशेबही चुकीचा होता. दहाची रेघ जुनी झाली. अमेरिकेत ती २०१२ साली ५ वर आणली आणि २०२१ मध्ये ३.५ वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ किंवा त्याच्या वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा, आणि सुरक्षित अशी पातळी मुळात माहीतच नाही. रिपोर्टवरचा रकाना पाहून कुणी ‘नऊ आलाय, नॉर्मल आहे’ म्हणालं तर गप्प बसू नका.

डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “घाबरू नकोस. आजच काही होत नाही. पण तिला त्या घरातून हलव, दिवाळी माहेरी कर. आणि घरात झाडू लावायचा नाही.”

“म्हणजे?”

“केर काढायचा नाही. धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसायचं, फक्त पुसायचं.”

घरी आले तर आई बाजारातून आल्या होत्या. लाह्या, बत्तासे, बोळकी आणि लक्ष्मीपूजनाची नवी केरसुणी. मी हे सगळं कसं सांगितलं ते आठवत नाही. आई केरसुणी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “अगं, ही लक्ष्मी आहे,” एवढंच म्हणाल्या. पुढे लक्ष्मीपूजनाला त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, पूजा केली आणि दाराच्या मागे खिळ्याला टांगून ठेवली. ती आजतागायत जमिनीला लागलेली नाही.

३० तारखेला मी दोन्ही मुलांना घेऊन डोंबिवलीला गेले. अद्वैत सात वर्षांचा. त्याचंही रक्त तिथे दिलं, ६.२ आलं. खिडकीशी तो कमी जातो, बोटं तोंडात घालायचं वय गेलंय. त्याच घरात दोघांच्या आकड्यांत एवढा फरक का, तर लहान मूल रांगतं, चाटतं, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट शोषून घेतं. त्यात मनूला लोह कमी. लोह कमी असलं की शिसं आणखी शोषलं जातं. म्हणजे हिमोग्लोबिन कमी म्हणून शिसं जास्त की शिसं जास्त म्हणून हिमोग्लोबिन कमी, हा गुंता दोन्ही बाजूंनी आवळत होता.

४ नोव्हेंबरला दवाखाना उघडला. मी मनाशी तयारी करून गेले होते: ॲडमिट करतील, सलाईन लावतील, रक्तातून शिसं काढायचं औषध देतील. बाईंनी पोटाचा एक एक्स-रे काढायला सांगितला, आतड्यात रंगाचे तुकडे आहेत का बघायला. नव्हते. मग त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली, लोहाचे थेंब चालू ठेवायचे लिहिलं, पोट साफ व्हायचं एक औषध लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“आणि शिशाचं?”

“त्याचं औषध नाही. म्हणजे आहे, चिलेशन म्हणतात, पण ते ४५ च्या वर गेल्यावर. हिच्या आकड्याला त्यानं फायदा नाही, त्रास होईल. हिचं औषध एकच. शिसं कुठून येतंय ते शोध आणि बंद कर. रक्तातलं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडात जाऊन बसलेलं परत रक्तात उतरत राहतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून हाडात भरून ठेवतं. त्यामुळे आकडा रखडत उतरेल. धीर धर.”

चिठ्ठीवर शिशासाठी काहीच नाही, हे पचवायला मला सगळ्यात जड गेलं. गोळी दिली असती तर वेळेवर दिली असती. इथे आमचं घरच धुऊन काढायचं होतं.

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. काजळ कुठलं? सुरमा घालता का? कपाळाला शेंदूर लावता? हळद सुट्टी की पाकिटातली? पितळेच्या भांड्यात रांधता, कल्हई कुणाकडून करता? घरात कुणी बॅटरीचं, सोल्डरिंगचं, दागिन्यांचं काम करतं का? कुणी भस्म, पुड्या घेतं का? मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन एकेकाची झडती घेतली.

काजळ आई घरीच तुपाच्या दिव्यावर धरतात, त्यात शिसं नाही, तरी बोटं तोंडात जातात म्हणून बंद केलं. शेंदूर मात्र विचार करायला लावणारा निघाला. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. दर मंगळवारी देवळातून आलं की सासरे मनूच्या कपाळाला बोट टेकवायचे. ते बंद. पितळी पातेल्यात आमसुलाचं सार व्हायचं. कल्हई कथलाची हवी, कथलात शिसं मिसळलेलं असलं तर आंबटानं ते उतरतं. आमच्या कल्हईवाल्यानं काय वापरलं ते कळायला मार्ग नाही, म्हणून पातेलं माळ्यावर, सार स्टीलमध्ये.

सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी एका वैद्यांकडून बिनलेबलाच्या पुड्या यायच्या. नाव विचारलं तर ‘भस्म आहे’ एवढंच उत्तर. शिशाचंही भस्म असतं, नागभस्म. सासऱ्यांचंही रक्त तपासलं तर १६.४ आलं. तीन दिवस घासलेल्या रंगामुळे की पुड्यांमुळे, सांगता येत नाही. पुड्या बंद झाल्या.

या धांदलीत आईंनी अद्वैतच्या दप्तरातून सगळ्या शिसपेन्सिली काढून घेतल्या. शाळेत त्यानं बाईंना सांगितलं, “आजीनं पेन्सिली जप्त केल्या, त्यात विष आहे.” बाईंचा मला फोन. तर तेही सांगून टाकते: शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. नाव तेवढं चिकटलंय.

आता खात्री करायची होती. घरातल्या रंगात शिसं आहे का, हे तपासून देणाऱ्या लॅब मुंबईच्या आसपास आहेत, पण त्या कारखान्यांची कामं करतात. शोधताना ‘एनएबीएल मान्यता’ (लॅबना मिळणारी राष्ट्रीय मान्यता) आणि ‘हेवी मेटल’ (जड धातू) हे दोन शब्द धरून फोन करा. मी सहा फोन केले. तिघांनी ‘कंपनीचं नाव काय, जीएसटी नंबर काय’ विचारून ठेवून दिला. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एकांनी घरगुती नमुना घ्यायची तयारी दाखवली. साध्या कागदावर अर्ज, आधारकार्डाची प्रत, प्रत्येक नमुन्याचे २,२०० आणि वर १८ टक्के जीएसटी. तीन नमुने, ७,७८८ रुपये. आणखी एकीकडे हळद दिली, तिचे १,६५२.

नमुना घ्यायची एक रीत आहे. जागा पाण्यानं भिजवायची, नव्या ब्लेडनं लाकडापर्यंत कापून सगळे थर घ्यायचे, वरचाच नाही. चमचाभर जमला की झिपच्या पिशवीत, वर नाव-तारीख. नवऱ्यानं खिडकीचा, गॅलरीच्या कठड्याचा आणि भिंतीच्या डिस्टेंपरचा असे तीन घेतले. ६ नोव्हेंबरला दिले, १६ ला रिपोर्ट आला. खिडकी १२,६०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग शिसं. कठडा ९,३००. भिंत ३८.

आजचा कायदा घरगुती रंगात ९० पीपीएमच्या वर शिसं चालवून घेत नाही. नियम नोव्हेंबर २०१६ मध्ये आला, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांना कुणी विचारलेलं नाही. रिपोर्ट देताना लॅबमधले गृहस्थ पिशवीकडे बघून म्हणाले, “हिरवा आणि पिवळा दिसला की मला आधीच अंदाज येतो. जुन्या हिरव्यात पिवळा मिसळलेला असायचा, आणि तो पिवळा म्हणजे लेड क्रोमेट. हळदीत भेसळ करतात ना, तोच.” आमची सांगलीची हळद मात्र स्वच्छ निघाली. आई म्हणाल्या, “मी सांगितलंच होतं.” त्या दिवसात घरात कुणी बरोबर निघाल्याचा तो एकच प्रसंग.

मालकाला पत्र दिलं. उत्तर नाही. बिल्डिंग पुनर्विकासाला निघायची बोलणी दहा वर्षं चाललीत, त्यामुळे ‘पाडायचीच आहे, खर्च कशाला’ हे ठरलेलं वाक्य. एका सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेले तर खिडकीवरच्या माणसानं विचारलं, “ही तक्रार पाण्याची, ड्रेनेजची की धोकादायक इमारतीची?” तिन्हीत बसत नव्हती. त्यानं दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, तिथून परत पहिल्या. शेवटी आवक शिक्का मारून घेतला आणि निघाले. त्या शिक्क्यापलीकडे अजून काही झालेलं नाही. दोन दिवसांची रजा मात्र गेली. हे काम आपल्यालाच करायचंय हे तिथल्या बाकड्यावर बसून मला पक्कं कळलं.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मत देऊन नवऱ्यानं काम काढलं, रविवारपर्यंत चाललं. आधी एका पेंटरनं उपाय सुचवला होता, “ब्लोलॅम्प मारतो, तासाभरात सगळं उतरेल.” हे चुकूनही करू देऊ नका. तापवलं की शिशाचा धूर होतो आणि तो थेट छातीत जातो. सुका पॉलिशपेपर नाही, ग्राइंडर तर नाहीच.

आम्ही मुलाच्या हाताला लागणारं आणि घासलं जाणारं लाकूड काढूनच टाकायचं ठरवलं. झडपांची उघडझाप होते तिथे वरून कितीही रंग मारला तरी घर्षणानं भुकटी होत राहते. दोन खिडक्यांच्या झडपा आणि उंबरठ्याच्या फळ्या उतरवून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवल्या, २१,५०० रुपये. वरची चौकट भिंतीत मुरलेली, ती काढली तर भिंत येईल. तिचे सुटे पोपडे फवारणीच्या बाटलीनं भिजवून भिजवून खरवडले, पुट्टी भरली, प्रायमर आणि दोन हात रंग. डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या आत असल्याचं छापलेलं वाचून घेतलं. दुकानदार म्हणाला, “आता सगळेच तसे असतात.” असतील. मी वाचलं.

काम सुरू करण्याआधी सामान आतल्या खोलीत, दाराला प्लास्टिक चिकटवलेलं, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलेलं, पंखे बंद. पेंटरला एन-९५ मास्क, दुसरे कपडे, जेवायच्या आधी साबणानं हात-तोंड. तो रत्नागिरीकडचा, तीस वर्षं या धंद्यात. पहिल्या दिवशी हसला, “वहिनी, आमची हयात गेली या धुळीत.” दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानंच विचारलं, घरी जाऊन त्याच कपड्यांत नातवाला घेतो, ते चालतं का. मी त्याला म्हटलं, कपडे इथेच बदला, वेगळे धुवा, आंघोळ करून मग घ्या. त्याला रक्त तपासायला मी पैसे देऊ केले. तो ‘बघू’ म्हणाला, गेला नाही.

खरवड, प्लास्टिक, फडकी, सगळं दुहेरी पिशव्यांत बांधलं. हा घातक घरगुती कचरा, ओल्या-सुक्यात टाकायचा नाही, वेगळा सांगून द्यायचा. गॅलरीतून खाली झटकायचा तर प्रश्नच नाही, खाली मुलं क्रिकेट खेळतात.

मग पुसणं. याची पद्धत डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दिली होती. दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकं एकाच दिशेनं फिरवायचं, प्रत्येक खोलीनंतर पाणी बदलायचं. फरशी, खिडकीच्या कडा, पलंगाखाली, दारामागे. पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा, नंतर रोज एकदा. घाण पाणी मोरीत, भांड्यांच्या सिंकमध्ये नाही. चपला दाराबाहेर. गादीवरचे कपडे झटकायचे नाहीत, गुंडाळून थेट धुवायला.

हे फडकं सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं. रिपोर्ट आल्यापासून ते मनूला उचलून घेत नव्हते. डोंबिवलीला यायचे, लांब खुर्चीत बसून बघायचे आणि जायचे. एकदा मला एवढंच म्हणाले, “दीड हजार वाचवायला गेलो.” मी फोटोचं सांगितलं, मीच हसत काढला होता म्हणून. त्यानं त्यांना बरं वाटलं की नाही, माहीत नाही. ७३ वर्षांचा माणूस रोज सकाळी सहाला गुडघ्यांवर बसून खिडकीची कड पुसतो, आधी साबणाचं, मग साधं. आईंना त्यातलं काही करू देत नाहीत.

१ डिसेंबरला आम्ही घरी परत आलो. २ तारखेला रक्त, १७.९. मला वाटलं होतं निम्मं होईल. बाईंनी हाडांची आठवण करून दिली. ३ मार्चला १२.६, हिमोग्लोबिन १०.९. तेव्हा पहिल्यांदा मनू आपणहून पोळी मागून खायला लागली. सासऱ्यांचं मार्चमध्ये ११ आलं. मनूला दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खायला देतो, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. नाचणीचं सत्त्व, दूध, पालेभाजी, वरून लिंबू किंवा पेरू. खाण्याआधी हात धुणं. यानं शिसं धुऊन जात नाही, नव्यानं शिरायला वाव कमी मिळतो एवढंच.

आणि तो प्रश्न, जो प्रत्येक आई विचारते. डोक्यावर परिणाम होईल का? मीही विचारला, तीनदा. बाईंनी खोटा धीर दिला नाही. शिशानं मेंदूच्या वाढीला धक्का बसतो, बुद्ध्यांक, लक्ष, वागणं यांवर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान पुसता येत नाही. पण ते हजारो मुलांच्या सरासरीत दिसतं, एका मुलीबद्दल भविष्य सांगता येत नाही. दर सहा महिन्यांनी तिचं बोलणं, चालणं, खेळणं बघायचं, मागे वाटलं तर लगेच थेरपी. फेब्रुवारीत ती दोन-तीन शब्द जोडून बोलायची, आता भांडते. मी रात्री शोधणं सोडलंय. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात वाचलं होतं की जगातल्या दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात शिसं ५ किंवा त्याच्या वर आहे, सुमारे ८० कोटी मुलं. त्यानं मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

खर्च म्हणाल तर तपासण्या, लॅब, खिडक्या, पेंटर, बाईंची फी धरून ५३,००० च्या आसपास. आमच्या मेडिक्लेमनं यातला रुपया दिला नाही, ॲडमिट नव्हती म्हणून. सगळ्यांना एवढं जमणार नाही. पैसे नसतील तर आधी रक्ताची तपासणी करा, पलंग नाहीतर कपाट ओढून ती खिडकी मुलाच्या हाताला येणार नाही असं करा, सुट्या पोपड्यांवर चिकटपट्टी लावा आणि फडकं सुरू करा. फडक्याला काही पडत नाही.

गॅलरीचा कठडा तसाच आहे. तो सगळ्यांचा, नऊ बिऱ्हाडांचा. बैठकीत लॅबचा रिपोर्ट दाखवला तर एक काका म्हणाले, “आम्ही याच कठड्याला धरून मोठे झालो.” त्यांच्याशी मी वाद घातला नाही. दोन खोल्या सोडून राहणाऱ्या वहिनींना सातवा महिना आहे, आईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळाला पोचतं, तेवढं त्यांच्या सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. पुढच्या रविवारी त्या सासूबाईंनीच सगळ्यांकडून चारशे-चारशे जमवले. कठडा कोरडा घासायचा नाही, सुटे पोपडे भिजवून काढायचे आणि वरून दोन हात रंग मारून घ्यायचा, असं ठरलंय. २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला, त्याआधी व्हायला हवं. ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी वहिनी आणि मजल्यावरची लहान मुलं माझ्या माहेरी.

पुढची तारीख ५ जानेवारी. निळ्या झाकणाची नळी आहे का, ते दोन तारखेलाच फोन करून विचारायचं.